दात, कवळी आणि रोग्यांचे प्रश्न

लखनौच्या गलौटी कबाबाविषयी एक आख्यायिका सांगतात. एका नवाबाचे म्हातारपणी सगळे दात पडले, पण मांसाहाराची आवड काही सुटेना. तेव्हा त्याच्या बावर्च्याने मांस इतके बारीक वाटले आणि कच्ची पपई लावून ते इतके मऊ केले की, घास जिभेवर ठेवताच विरून जावा. ही कथा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न निराळा. परंतु तिच्यातले दुःख मात्र खरे आहे. दात गेले तरी चव जात नाही आणि भूकही जात नाही. नवाबाच्या पदरी बावर्ची होते. सामान्य माणसाच्या पदरी ते नसतात. त्याला दूधभातावर, कुस्करलेल्या पोळीवर किंवा दुधात भिजवलेल्या भाकरीवर दिवस काढावे लागतात. हळूहळू त्याच्या ताटातून कच्च्या कोशिंबिरी, कडधान्ये, शेंगदाणे आणि फळे नाहीशी होतात, आणि त्यांच्याबरोबर शरीराला लागणारी पोषकद्रव्येही जातात. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही आपली म्हण विनोदाने उच्चारली जाते खरी. पण ज्याच्यावर तो प्रसंग येतो त्याला त्यात विनोद वाटत नाही.

गोमतीच्या पलीकडे, लखनौ शहराच्या उत्तर भागात, महानगर नावाची वस्ती आहे. त्या वस्तीत दंतवैद्यकाचा व्यवसाय करताना जे प्रश्न रोज कानांवर पडतात, त्यांतले काही आज आपल्यापुढे मांडावयाचे आहेत. तेथील रोगी कृत्रिम दातांना ‘बत्तीसी’ म्हणतो, नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेला मराठी गृहस्थ ‘कवळी’ म्हणतो. शब्द निराळे असले तरी शंका एकच असतात. नावाविषयीच एक गंमत सांगण्याजोगी आहे. ‘बत्तीसी’ म्हटली तरी पूर्ण कवळीत दात असतात ते बहुधा अठ्ठावीसच. अक्कलदाढा नैसर्गिक जबड्यात कितीही महत्त्वाच्या मानल्या गेल्या असोत, कवळी करणारा कारागीर त्यांना वगळतो.

पहिला प्रश्न भीतीचा असतो. ‘वरची दाढ काढली तर डोळा अधू होईल का?’ हा समज गंगेच्या काठी आहे तसाच कृष्णेच्या काठीही आहे आणि शिकलेल्या घरांतूनही तो आढळतो. त्याचे उत्तर शरीररचनेत आहे. डोळ्याला दृष्टी देणारी मज्जातंतूची दोरी निराळी आणि वरच्या दातांना संवेदना देणारी निराळी. दाताला बधिरता आणण्यासाठी जी सुई टोचतात, तिचा परिणाम दोन-चार तासांत ओसरतो. मग हा समज आला कोठून? दात बहुधा पन्नाशी-साठीच्या सुमारास काढावे लागतात आणि मोतीबिंदूही त्याच वयात उतरू लागतो. दोन गोष्टी एका काळात घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहे असे मानण्याची मनुष्याला सवयच आहे. या भीतीपायी लोक किडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात आणि गालावर सूज, ताप, पू असे सगळे सोसतात. न काढलेल्या सडक्या दाढेचा पू मात्र खरोखरच गालात, गळ्यात आणि क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरू शकतो. भ्यावयाचे असेल तर त्याला भ्यावे.

दुसरा प्रश्न याच्या नेमका उलट. ‘दाढ फार ठणकते, काढूनच टाका, एकदाची कटकट मिटेल.’ या रोग्याला समजावणे अधिक कठीण, कारण तो वेदनेने बेजार झालेला असतो. पुष्कळदा अशी दाढ वाचविता येते. तिच्या मुळातील कुजलेला भाग काढून, आतील नळी स्वच्छ करून आणि भरून तीच दाढ पुढे कित्येक वर्षे वापरता येते. काढलेल्या दाताची जागा मात्र रिकामी राहत नाही. शेजारचे दात त्या पोकळीकडे कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, चावण्याची घडी बिघडते आणि एका दाताने केलेली जागा पुढे तीन-चार दातांच्या मुळावर येते.

दात किडतो म्हणजे काय होते? कीड म्हणजे अळी नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. रस्त्यावर बसून कानातून किंवा दाढेतून अळ्या काढून दाखविणारे हातचलाखी करीत असतात. दातावर जंतूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की हे जंतू त्याचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल दाताच्या कवचातील क्षार विरघळवू लागते. लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि झीज थोडीफार भरूनही काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी येईल. साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती कितीदा खाल्ली याला महत्त्व आहे. जेवणाबरोबर एक जिलबी खाणाऱ्यापेक्षा दिवसभरात सहा-सात वेळा गोड चहा पिणाऱ्याचे आणि तोंडात गोळी घोळवीत राहणाऱ्याचे दात अधिक धोक्यात असतात. मुलाला दूध-साखरेची बाटली तोंडात देऊन निजविणारी आई त्याच्या दुधाच्या दातांना रात्रभर आम्लात बुडवून ठेवीत असते.

‘दात साफ करून घेतले आणि ते हलू लागले,’ ही तक्रार तर नित्याची. दातांच्या मुळाशी साचलेला थर काही काळाने दगडासारखा कठीण होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. या कीटणामुळे हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते आणि आतील हाड हळूहळू झिजते. हाड झिजले म्हणजे दात मोकळा होतो. पण कीटणाचा जाड थर शेजारशेजारच्या दातांना जणू चुन्याने लिंपून धरतो, म्हणून दात हलतो आहे हे रोग्याला जाणवत नाही. दंतवैद्याने कीटण काढले की आतली खरी स्थिती उघड होते. मोडकळीला आलेल्या भिंतीचा गिलावा काढणाऱ्या गवंड्याला भिंत पाडल्याचा दोष द्यावा, तसाच हा प्रकार आहे. दात घासताना रक्त येते म्हणून घासणे बंद करणारे लोकही पुष्कळ; त्यांनी खरे तर त्याच जागा अधिक काळजीने, मऊ ब्रशाने घासावयास हव्यात.

‘आमचे आजोबा दातवणाने दात घासत आणि नव्वदाव्या वर्षीही ऊस खात, मग ब्रश हवा कशाला?’ या प्रश्नात आपल्या परंपरेचा अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. सुश्रुतसंहितेत दातवण बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड असावे, असे प्रमाणही दिले आहे. निंबाची किंवा बाभळीची ताजी काडी नीट चावून तिचा कुंचला करून घासली तर दात स्वच्छ होतात. पण आजोबांच्या ताटात बिस्किटे नव्हती आणि खिशात गोळ्या नव्हत्या, हेही विसरता कामा नये. दाढांच्या मागच्या बाजूंपर्यंत काडी क्वचितच पोहोचते. शिवाय फ्लोराइडयुक्त पेस्टमुळे दाताचे कवच आम्लाला अधिक चांगला प्रतिकार करते, हा लाभ काडीत नाही. कोळशाची पूड, विटेची भुकटी, खरखरीत राखुंडी यांनी दात पांढरे दिसतात ते वरचे कवच घासले गेल्यामुळे. एकदा गेलेले कवच पुन्हा येत नाही. आणि आपल्या महाराष्ट्रातील मशेरी किंवा उत्तरेकडील गुल हे दंतमंजन नव्हेच, ती निव्वळ तंबाखू आहे. सकाळी मशेरी लावल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे वाटत नाही असे ज्या माउली सांगतात, त्यांना दात स्वच्छ झाल्याचे समाधान मिळत नसून व्यसनाची तलफ भागल्याचे मिळत असते.

फ्लोराइडाचे नाव निघाले की दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लखनौला लागून असलेल्या उन्नाव जिल्ह्यात, तसेच आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. त्याहून अधिक फ्लोराइडाचे पाणी लहानपणी प्यायलेल्या मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग पडतात आणि प्रमाण फारच अधिक असले तर पुढे हाडेही आखडतात. अशा गावच्या मुलीला ‘दात घासत नाहीस का?’ म्हणून हिणवतात, तो तिच्यावर अन्याय आहे. तिच्या दातांचा दोष तिच्या आळसात नाही, तो गावच्या पाण्यात आहे. आणि उपायही प्रथम पाण्यावरच केला पाहिजे.

मधुमेही माणसे विचारतात, ‘आम्हांला दात काढता येतो का?’ येतो, मात्र रक्तातील साखर आटोक्यात हवी. हिरड्यांचा रोग आणि मधुमेह हे एकमेकांना बळ देणारे सोबती आहेत. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत पू असला की साखर आवरत नाही. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर ते स्वतःच्या बुद्धीने बंद करू नये. दंतवैद्याला सांगावे आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून उतारवयात काही औषधे देतात, त्यांचीही माहिती दात काढण्यापूर्वी आवर्जून द्यावी, कारण त्यांतल्या काहींमुळे जबड्याची जखम भरण्यास अडथळा येऊ शकतो.

आता कवळीकडे वळू. मनुष्य कृत्रिम दात फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. जपानात सोळाव्या शतकापासून लाकडात कोरलेल्या पूर्ण कवळ्या वापरात होत्या. युरोपात हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात कोरीत. एवढेच नव्हे, तर १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दात काढून ते श्रीमंतांच्या कवळ्यांत बसविले गेले. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती असे सांगतात, ते खरे नाही. तिच्यात हस्तिदंत, धातू आणि माणसांचेही दात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गंधक मिसळून कठीण केलेले रबर आले, तेव्हा कवळी प्रथमच मध्यम वर्गाच्या आवाक्यात आली. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ऍक्रिलिक नावाचे गुलाबी प्लास्टिक आले आणि आजही बहुसंख्य कवळ्या त्याच्याच असतात. ते हिरडीच्या रंगाचे असते, हलके असते, आणि विशेष म्हणजे ते मोडले तर जोडता येते.

‘दात काढल्याबरोबर कवळी बसवाल का?’ असे पुष्कळ जण विचारतात. सामान्यतः हिरडी भरून येण्यास सहा ते आठ आठवडे द्यावेत. लगेच बसविण्याचीही पद्धत आहे, परंतु अशी कवळी थोड्याच महिन्यांत सैल होते आणि आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. नवी कवळी म्हणजे नवे दात नव्हेत, हे रोग्याने आधीच जाणून घेतलेले बरे. पूर्ण कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच असते. पहिले काही दिवस लाळ फार सुटते, बोलताना ‘स’ आणि ‘श’ अडखळतात, तोंड भरल्यासारखे वाटते. मऊ भात, शिजलेली भाजी यांपासून आरंभ करावा, घास लहान घ्यावा, दोन्ही बाजूंनी सारखे चावावे आणि एकांतात मोठ्याने वर्तमानपत्र वाचावे. तीन-चार आठवड्यांत जीभ आणि गाल नवी विद्या शिकतात. पटाशीच्या दातांनी पेरू तोडण्याचा हट्ट मात्र सोडावा. पेरूच्या फोडी करून खाण्यात कमीपणा नाही.

‘वरची कवळी घट्ट बसते, खालची का उडते?’ वरच्या कवळीला टाळूचा विस्तीर्ण आधार असतो आणि लाळेच्या पातळ थराने ती टाळूला चिकटून राहते. दोन ओल्या काचा जशा एकमेकींना धरून राहतात, तसे. खालच्या कवळीला घोड्याच्या नालेएवढी अरुंद जागा, आणि मधोमध सदा हलणारी जीभ. त्यात आणखी भर म्हणजे दात गेल्यावर जबड्याचे हाड कायम झिजत राहते. पहिल्या वर्षात ते सर्वांत जास्त झिजते आणि पुढे वर्षानुवर्षे खालच्या जबड्याची झीज वरच्याहून कितीतरी अधिक होते. कवळी तीच राहते आणि तिच्याखालची जमीन खचते. म्हणून पाच-सात वर्षांनी कवळी तपासून घ्यावी, गरज असल्यास आतून नवा थर द्यावा किंवा नवी करावी. ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. स्वीडनमध्ये १९६५ साली ब्रेनमार्क नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या जबड्यात टायटॅनियम धातूचे खिळे प्रथम रोवले आणि हाड त्या धातूला धरून वाढते हे दाखवून दिले. खालच्या जबड्यात असे दोन खिळे रोवले तरी उडणारी कवळी स्थिर होते.

आणि आता तो प्रश्न, जो बहुधा कागदाच्या पुडीत बांधून येतो. पुडी उघडली की कवळीचे दोन तुकडे निघतात. ‘धुताना हातांतून निसटली,’ असे एक जण सांगतो. ‘जेवता जेवता आपोआपच मोडली,’ असे दुसरा सांगतो. दोघांचेही खरे असते, पण दोन मोडण्यांचा अर्थ एक नसतो. पडून मोडलेली कवळी हा अपघात होय. जेवताना बरोबर मध्यावर तडकलेली वरची कवळी मात्र काही सांगत असते. हाड झिजल्यामुळे ती टाळूच्या मध्यावर टेकून दोन्ही बाजूंना खालीवर होत होती. तार वारंवार वाकविली की जशी तुटते, तशी ती दमून तुटली. तिला नुसती जोडून दिली तर ती काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा मोडेल. आधी बैठक सुधारली पाहिजे.

पुडीतल्या तुकड्यांवर पुष्कळदा बाजारातल्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाचे थर असतात. ही गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते की, कवळी घरी चिकटवू नका. तो डिंक तोंडात वापरण्यासाठी केलेला नसतो. त्याहून मोठी अडचण अशी की, तुकडे केसभर जरी चुकीचे जुळले तरी संपूर्ण कवळीची ठेवण बदलते आणि ती हिरडीला घासू लागते. डिंकामुळे तुटलेल्या कडा बुजतात, आणि मग जाणत्या कारागिरालाही ते तुकडे अचूक जुळविता येत नाहीत. जे काम काही तासांचे असते ते नवी कवळी करण्याइतके वाढते. कवळी मोडली तर सगळे तुकडे, निखळलेला एखादा दातही, जपून घेऊन यावे.

दुरुस्ती होते तरी कशी? दोन्ही तुकडे तुटलेल्या कडांवरून नेमके जुळवून मेणाने तात्पुरते धरतात. मग आतल्या बाजूने प्लास्टरचा साचा ओततात, म्हणजे तुकड्यांची परस्परांशी असलेली जागा पक्की होते. तुकडे साच्यावरून काढून तुटलेल्या कडा थोड्या घासून उतरत्या करतात, त्यामुळे नव्या द्रव्याला धरण्यास जागा मिळते. पुन्हा साच्यावर बसवून मधल्या फटीत ऍक्रिलिकची पूड आणि द्रव भरतात. आवश्यक तेथे आत तार किंवा जाळी घालतात. ते कठीण झाले की घासून, झिलई देऊन कवळी परत करतात. साधी दुरुस्ती एका दिवसात होते. एखाद-दुसरा दात निखळला असेल तर काम आणखी सोपे. मात्र जोड कितीही चांगला असला तरी त्या जागी मूळची ताकद पूर्णपणे येत नाही, हे स्पष्टपणे सांगणे दंतवैद्याचे कर्तव्य आहे. म्हणून कवळी धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा घडी केलेला पंचा ठेवावा. हातांतून निसटली तरी ती मोडणार नाही.

एक धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. दोन-तीन दातांची लहान कवळी सैल झाली किंवा तिची तार तुटली तरी काही जण ती तशीच वापरीत राहतात, रात्री झोपतानाही काढीत नाहीत. अशी कवळी घशात उतरू शकते. ऍक्रिलिक क्ष-किरणांच्या चित्रात सहसा उमटत नाही. त्यामुळे ती कोठे अडकली आहे हे शोधताना डॉक्टरांची वेळेशी शर्यत लागते. म्हणून मोडकी लहान कवळी तोंडात ठेवूच नये. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वीही कवळी आहे हे सांगून ती काढून ठेवावी.

‘रात्री कवळी काढलीच पाहिजे का? बोळके तोंड कोणाला दाखवावेसे वाटत नाही.’ हा संकोच समजण्यासारखा आहे. तरीही उत्तर ‘काढावी’ असेच आहे. दिवसभर दाबाखाली राहिलेल्या हिरडीला रात्री विसावा आणि लाळेचा स्पर्श हवा असतो. तो न मिळाल्यास टाळू लाल होतो आणि तेथे बुरशी वाढते. जपानात पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांची पाहणी करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका इतरांपेक्षा सुमारे दुप्पट आढळला. काढलेली कवळी मऊ ब्रशाने आणि साध्या साबणाने धुवावी. दातांची पेस्ट वापरू नये, कारण तिच्यातल्या बारीक कणांनी प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. मग ती साध्या थंड पाण्यात बुडवून ठेवावी. कोरडी पडली तर तिचा आकार बिघडतो, आणि उकळत्या पाण्यात टाकली तर ती वाकडीच होते.

खर्चाचा प्रश्न सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात विचारला जातो. त्या संकोचामुळेच गरीब माणूस पदपथावर बसणाऱ्या दातवाल्याकडे वळतो. तो ‘पक्के दात’ अर्ध्या तासात बसवून देतो. ते पक्के असतात खरे, कारण शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळून, तोंडातच प्लास्टिक ओतून, ते कायमचे चिकटविलेले असतात. ते निघत नाहीत, म्हणून धुताही येत नाहीत. त्यांच्याखाली अन्न कुजते, हिरडी सडते आणि वर्षा-दोन वर्षांत आधाराचे चांगले दातही हलू लागतात. स्वस्तात मिळालेल्या एका दातासाठी तीन दातांची किंमत मोजावी लागते. आपल्या देशात १९२० साली कलकत्त्यास डॉक्टर रफिउद्दीन अहमद यांनी पहिले दंतमहाविद्यालय काढले, १९३३ साली मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय सुरू झाले आणि १९४८ साली दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आज लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात दंतविज्ञानाची शाखा आहे, मुंबई-नागपुरास शासकीय दंतमहाविद्यालये आहेत. अशा संस्थांतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात उपचार होतात. तेथे थोडी प्रतीक्षा करावी लागते. पण ती पदपथावरच्या अर्ध्या तासापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

एक गोष्ट मात्र रोगी आपण होऊन विचारीत नाही. ती दंतवैद्यानेच विचारावी लागते. ‘तोंडात जखम किती दिवसांची आहे?’ कवळी टोचून झालेली जखम, ती कवळी घासून ठीक केल्यावर, आठ-पंधरा दिवसांत भरते. जी भरत नाही, किंवा जेथे पांढरा अथवा लाल चट्टा पडला आहे, तोंड पूर्वीइतके उघडत नाही, तेथे कवळीला दोष देत बसू नये. लखनौचे तंबाखूचे पान, गुटखा, खैनी आणि आपल्याकडील चुना-तंबाखू, मशेरी यांनी तोंडाचा कर्करोग होतो, यात आता शंका उरलेली नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली आणि उत्तर प्रदेशात २०१३ साली बंदी आली. तरी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घेऊन ती मिसळणारे हात दोन्हीकडे दिसतात. हा रोग आरंभी दुखत नाही, हेच त्याचे कपट आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम तज्ज्ञाला दाखविली, तर लवकर केलेल्या उपचाराने पुष्कळ माणसे बरी होतात. ‘कवळीच टोचत असेल’ म्हणून सहा महिने काढले, तर तीच संधी हातची जाते. म्हणून ज्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, त्यांनीही वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे.

या सर्व प्रश्नांच्या मागे एक न विचारलेला प्रश्न असतो. मोडकी कवळी महिनोन् महिने कपाटात पडून राहते, त्याचे कारण बहुधा पैसा नसतो. ‘आता आमचे किती दिवस राहिले? आमच्यासाठी कशाला खर्च आणि कोणाची खोटी?’ असे म्हणून वृद्ध माणूस गप्प बसतो. घरातल्या मंडळींना वाटते की यांची भूकच कमी झाली, हे हल्ली फारसे बोलत नाहीत, लग्नकार्यात पंगतीला बसत नाहीत. भूक कमी झालेली नसते. चावता येत नसते. बोलण्याची इच्छा गेलेली नसते. शब्द नीट उमटत नाहीत याची लाज वाटत असते. तेव्हा आपल्या घरात असे कोणी आजी-आजोबा असतील, तर आज जेवताना त्यांच्या ताटाकडे जरा लक्ष द्यावे. भाकरीच्या कडा, काकडीच्या फोडी, हरभऱ्याची उसळ तशीच बाजूला राहिलेली दिसली, तर त्यांना ‘भूक नाही का?’ असे विचारू नये. ‘कवळी कोठे ठेवली आहे, दाखवा पाहू,’ असे विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी ती पुडी घेऊन त्यांच्याबरोबर स्वतः दंतवैद्याकडे जावे.